समुद्राच्या घड्याळावर नाताळची सुटी

नाताळची सुटी पंधरा दिवसांवर येऊन ठेपली म्हणजे मोठ्या कुटुंबांत एक ठरलेला वाद सुरू होतो. थोरल्यांस तीर्थक्षेत्र हवे असते, मधल्यांस थंड हवेचे ठिकाण हवे असते, कॉलेजात जाणाऱ्यांस दूरचा प्रांत पाहावयाचा असतो. आणि ज्यांच्या नावाने ही सारी खटपट चालते, त्या तीन ते आठ वर्षांच्या बाळगोपाळांचे मत मात्र कोणीच विचारीत नाही. ते विचारले तर उत्तर अगदी सोपे येईल. लहान मुलास वाळू हवी असते, आणि एकच जागा आठ वेळा पाहावयास मिळाली तर तीच हवी असते. लांबच्या प्रवासात मुले कंटाळतात, वृद्ध माणसे शिणतात आणि घरातील स्त्रिया घरी जे करतात तेच परक्या जागी अधिक अडचणीत करून परत येतात. अशा सहलीस हवापालट म्हणावे की केवळ जागापालट, हा प्रश्नच आहे.

म्हणून लहान मुले असलेल्या एकत्र कुटुंबांस आमची अशी सूचना आहे की, या सुटीत चार-पाच दिवस जवळच्याच एखाद्या समुद्रकाठच्या उपनगरात घर घेऊन राहावे, आणि तेथे भिंतीवरचे घड्याळ बाजूस सारून दिवसाची आखणी भरती-ओहोटीवर सोपवावी. आम्ही स्वतः गेली काही वर्षे वसईस जात आहोत. तेव्हा उदाहरण वसईचेच घेतो.

मुंबईहून वसईस जाण्यास लोकलगाडी पुरते, आणि ही सोय आजकालची नव्हे. मुंबईच्या या मार्गावरील पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून निघाली, तेव्हाच वसईचे स्थानक तिच्या वाटेवर होते. त्या काळचे हे बागायती गाव आता विस्तारलेल्या मुंबईचे उपनगर झाले आहे. २००९ मध्ये तेथे वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. स्थानकाभोवती उंच इमारतींची दाटी आहे खरी. परंतु बस किंवा रिक्षाने किल्ल्याकडच्या जुन्या वसईत गेले म्हणजे विहिरी, केळीच्या वाड्या आणि कौलारू घरे अद्यापि दृष्टीस पडतात, आणि पुढे सुरूच्या झाडांआड समुद्र दिसतो.

आता समुद्राच्या घड्याळाविषयी. समुद्रास दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते, आणि चंद्र रोज उशिरा उगवत असल्यामुळे भरतीची वेळही रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. यावरून आपल्या कोकणपट्टीत एक फार सोपा हिशेब चालत आला आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, दशमीस साडेसातास, पौर्णिमेस सव्वाअकरास. प्रतिपदेपासून हिशेब पुन्हा नव्याने सुरू करावा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हा हिशेब अदमासाचा आहे, अचूक वेळ हवी त्याने छापील कोष्टक पाहावे. परंतु घरातील दिनक्रम आखण्यास तो पुरेसा आहे.

या हिशेबाचा आणखी एक लाभ असा झाला की, त्यामुळे आमच्या मातोश्रींस घरात पुन्हा एक कामगिरी मिळाली. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. एरवी घरी त्यांस तिथी कोणी विचारीत नाही. विचारली तर एकादशीपुरती. वसईस मात्र रोज रात्री निजण्यापूर्वी नातवंडे त्यांच्याभोवती जमतात आणि 'आजी, उद्या समुद्र किती वाजता?' असा प्रश्न होतो. मातोश्री पंचांग न उघडता तिथी सांगतात, सात वर्षांची नात बोटांवर पाऊणपट करते, आणि पाऊणकीचा जो पाढा शाळेत कोणी शिकवीत नाही, तो चार दिवसांत मुलांच्या तोंडी बसतो. सकाळी किनाऱ्यावर जाऊन पाहावे तो पाणी आजीने सांगितल्या वेळेस आलेले! वृद्ध माणसांच्या ज्ञानाविषयी मुलांस आदर वाटावा असे आपण पुष्कळ म्हणतो. तो व्याख्यानाने उत्पन्न होत नाही, अशा प्रचीतीने होतो.

सुटीचे दिवस निवडतानाही तिथी पाहावी. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंतच्या दिवसांत भरती दुपारी येते, आणि सकाळी सहा ते आठच्या दरम्यान पाणी दूर गेलेले असते. कोवळ्या उन्हात ओली, घट्ट, रुंद वाळू मुलांस मोकळी मिळते. मात्र हेच दिवस उधाणाचे असतात, हे विसरता कामा नये. उधाणात मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पातळीतील अंतर चार मीटरांहून अधिक होते. शिवाय पाणी सारख्या गतीने चढत नाही. खलाशांचा जुना ठोकताळा असा की, चढावयाच्या एकंदर पाण्याचे बारा हिस्से कल्पिले, तर पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, आणि तिसऱ्या व चौथ्या तासांत प्रत्येकी तीन. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांतच येते. पहिला तास शांत गेला म्हणून निर्धास्त झालेली माणसे सपाट किनाऱ्यावर फसतात ती याच कारणाने. तेव्हा ओहोटी पूर्ण झाल्यापासून दीड तासाच्या आत मुलांस घेऊन कोरड्या वाळूवर परतावे. पाणी ओसरत असताना मुलांस त्यात उतरू देऊ नये, कारण तेव्हा ओढ समुद्राकडे असते. आणि एरवीही मुलाच्या गुडघ्यापलीकडे पाणी जाऊ देऊ नये. एका लहान मुलामागे एक जाणते माणूस, आणि त्याच्या हातात दुसरे कोणतेही काम नको, फोनही नको. चौघांच्या कुटुंबास हा नियम जड जातो. एकत्र कुटुंबास काका, आत्या, मामी असा मनुष्यबळाचा तोटा नसल्यामुळे तो सहज पाळता येतो.

किनाऱ्यावर मुलांस काय दाखवावे, असा प्रश्न काही पालक करतात. दाखविण्याची गरज नसते; त्यांनी विचारले म्हणजे सांगता यावे, एवढी तयारी असली की झाले. ओहोटीच्या वाळूवर मोहरीहून थोड्या मोठ्या गोळ्यांच्या रांगोळ्या दिसतात. त्या लहानशा खेकड्यांनी घातलेल्या असतात. तो खेकडा वाळू तोंडाशी नेऊन तिच्यातील खाद्याचे सूक्ष्म कण तेवढे निवडून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. भरती आली की रांगोळी पुसली जाते आणि ओहोटीस तो पुन्हा आरंभ करतो. एखादा शंख चालू लागला, तर आत दुसऱ्याच जातीचा खेकडा मेलेल्या गोगलगाईचे घर घेऊन राहिलेला असतो. म्हणून शंख उचलण्यापूर्वी घरात कोणी आहे काय, हे पाहण्याची सवय मुलांस लावावी. पाण्यावर पांढरे पक्षी दिसतात, ते कुरव. त्यांतील तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडील सरोवरांकाठी घरटी करतो आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतो. मात्र या ऋतूत त्याचे डोके पांढुरके झालेले असते. तोही सुटीवर आला आहे, असे म्हटले की मुलांस तो आपला वाटू लागतो. पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि दुपारी समुद्राकडून येतो. पहिला मतलई, दुसरा खारा. जमीन लवकर तापते व लवकर निवते, पाणी दोन्हींत मागे राहते, हे त्याचे कारण. मुलाने ओल्या बोटास वारा कोठून लागतो हे दोन वेळा पाहिले, म्हणजे भूगोलातील तो धडा त्यास पुन्हा पाठ करावा लागत नाही.

एक सायंकाळ किल्ल्यासाठी ठेवावी. हा कोट पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे. पडक्या तटांवर मुलांस चढू देऊ नये, खालच्या वाटांनी हिंडावे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली, आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी ती जिंकली. ही कथा मुलांस अवश्य सांगावी. परंतु सुरुंग आणि तोफा यांपाशीच थांबू नये. किल्ला हाती आल्यावर हरलेल्या शिबंदीस शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले, हा भागही विजयाइतकाच भूषणावह आहे. मोठ्या मुलांस पुढचेही सांगावे. त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी, म्हणजे याच सुटीच्या दिवसांत, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून मराठी राज्याचे स्वातंत्र्य गहाण टाकले. मिळविण्यास आणि गमावण्यास एकच गाव, आणि मध्ये अवघी त्रेसष्ट वर्षे.

नाताळात वसईस गेल्याने आणखी एक गोष्ट साधते. येथील ख्रिस्ती समाज शतकानुशतके याच मातीतला आहे; शेती-बागायत करणारा आणि आपली बोली जपणारा. जपानमध्ये नागासाकी येथे १५९७ साली क्रुसावर प्राण दिलेले आणि १८६२ मध्ये संतपदास पोहोचलेले गोन्सालो गार्सिया हे वसईचेच सुपुत्र. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेही वसईचेच. नाताळात घराघरांवर चांदण्या लागतात आणि अंगणात ख्रिस्तजन्माचे गोठे मांडले जातात. आम्ही ज्यांच्या शेजारी उतरतो, त्या आजीबाईंनी आमच्या मुलांस गोठा पाहावयास बोलाविले, तेव्हा मातोश्री काय म्हणतील अशी आम्हांस थोडी धास्ती होती. त्यांनी विचारले ते एवढेच, 'तान्ह्या बाळाला पाहायला मोकळ्या हाताने कसे जायचे?' आणि डब्यातले तिळाचे लाडू मुलांच्या हाती दिले. परतीस मुलांच्या हाती सुकेळी आली. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरच्या आजी ओसरीवर बसून वातावरील उपायांविषयी बोलत होत्या. मुलांनी हे पाहिले, याहून अधिक शिकवण द्यावयास नको.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, स्वयंपाकघराचा. वर सांगितलेले सारे सुख पुरुषांस आणि मुलांस मिळाले, आणि घरातील स्त्रिया मात्र स्टोव्ह आणि परात यांच्यामध्येच राहिल्या, तर ती सुटी निम्म्या कुटुंबाचीच झाली. आमच्या थोरल्या वहिनी अठरा वर्षांपूर्वी या घरात आल्या. कुटुंबाच्या प्रत्येक सहलीस त्या होत्या. पण मंडळी समुद्रावर निघाली की त्यांच्या मागे दूध तापवावयाचे असे, कोणाचे पथ्य असे, परतणाऱ्यांस गरम जेवण हवे असे. तक्रार त्यांनी कधी केली नाही. आणि न झालेल्या तक्रारीस उत्तर द्यावयाची आपल्या घरांत पद्धत नाही.

वसईस जाऊ लागलो त्या वेळी एक नियम ठरला आणि तो लेखी करून स्वयंपाकघराच्या दारावर लावला. घरून मेतकूट, भाजणी, लोणचे, पापड न्यावयाचे. शिजवावयाचे दिवसातून एकदाच, दुपारी. मुगाची खिचडी किंवा पिठले-भात. सकाळी दूध-पोहे, रात्री थालीपीठ. आणि हे सारे पुरुषांनी पाळीपाळीने करावयाचे. मातोश्रींचे पथ्य त्यांनी स्वतः कागदावर लिहून दिले, म्हणून चुकीस वाव राहिला नाही. पहिल्या दिवशी थालीपिठास भोके पडण्याऐवजी त्याचे तुकडेच पडले. तिसऱ्या दिवशी ते धड निघू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मुलांबरोबर किनाऱ्यावर गेल्या. मुले दुसऱ्यांच्या ताब्यात होती. वहिनी सुरूच्या झाडाखाली बसल्या, आणि पाऊण तासपर्यंत त्यांस कोणीही हाक मारली नाही. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, 'समुद्राचा आवाज एवढा वेळ सलग मी प्रथमच ऐकला.' हे वाक्य ऐकून आमच्यांतील कोणासही उत्तर सुचले नाही. परंतु तो नियम त्यानंतर कधी मोडला नाही, आणि त्यातील एक-दोन कलमे आता पुण्यातील घरीही रविवारी लागू झाली आहेत.

ज्यांच्या घरापासून वसई दूर असेल, त्यांनी आपल्या जवळचा किनारा निवडावा. तिथीचा हिशेब थोड्या फरकाने आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र उपयोगी पडेल, आणि स्वयंपाकघराचा नियम तर कोठेही. खर्च फार नाही, तयारी थोडी. फक्त बुकिंग करण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात. एक, घरातील वडील स्त्रीस, की तिथी कोणती येते. दुसरी, ज्या गृहिणीने आजवर कधी काही मागितले नाही तिला, की सकाळचा चहा तिला समुद्रावर आणून द्यावा, की उठल्याबरोबर खोलीतच.