बेपत्ता पित्याचा शोध आणि मंडळीचे उत्तरदायित्व

उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ आपल्या पित्याविषयी दोनदा विचारपूस करतो. पहिल्या वेळी (४३:२७) तो मिसरचा अधिपती म्हणून परक्या प्रवाशांजवळ चौकशी करतो, आणि वृद्ध पिता हयात असल्याचे उत्तर त्यास मिळते. असे असूनही, भावांना आपली ओळख देताच (४५:३) त्याच्या मुखातून तोच प्रश्न पुन्हा बाहेर पडतो. वार्ता त्यास पूर्वीच मिळाली होती. परंतु पुत्र या नात्याने उघडपणे विचारण्याचा प्रसंग आता प्रथमच आला होता. राजसत्तेने ज्यांचे मातापिता नाहीसे केले, अशा लेकरांच्या शोधाचे मर्म या दुसऱ्या प्रश्नात आहे.

येथे राजबंदी आणि बेपत्ता यांतील भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. फोंडा महालात मराठीचे शिक्षक म्हणून आलेले श्री. मोहन रानडे यांचे उदाहरण गोमंतकीयांस परिचित आहे. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी जानेवारी १९६९ पर्यंत ते पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८ साली पोप सहावे पौल यांच्याजवळ त्यांच्या सुटकेसाठी रदबदली केली, हे प्रसिद्धच आहे. शिक्षा कठोर होती. परंतु खटला झाला होता, तुरुंग ठाऊक होता आणि कैद्याचे नाव नोंदवहीत होते. म्हणूनच कोणास तरी रदबदली करता आली.

बेपत्ता मनुष्याच्या बाबतीत ही नोंदच नाकारली जाते. संयुक्त राष्ट्रसंघाने २० डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या करारनाम्यानुसार, शासनाच्या हस्तकांनी किंवा त्याच्या संमतीने एखाद्यास पकडणे व त्यानंतर ती अटक नाकबूल करणे अथवा त्याचे काय झाले हे दडविणे, म्हणजे सक्तीने बेपत्ता करणे होय. सत्य जाणण्याचा आप्तांचा हक्क हा करारनामा मान्य करतो. भारताने २००७ साली त्यावर सही केली. अनुसमर्थन मात्र अद्याप केलेले नाही. हा विषय आपणांस दूरचा नाही. आणीबाणीत, १ मार्च १९७६ रोजी, केरळात पोलिसांनी नेलेल्या राजन या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा शोध त्याचे पिता ईच्चर वारियर आयुष्यभर घेत राहिले. पुत्राचा देह त्यांस कधीच मिळाला नाही.

लेकरांच्या शोधाचे सर्वांत मोठे उदाहरण आर्जेंटिनाचे आहे. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो लोक नाहीसे झाले. बंदिवासात जन्मलेली बालके अन्य घरांत खोट्या नावांनी वाढविली गेली. १९७७ पासून त्यांच्या आज्या त्यांचा शोध घेऊ लागल्या. पिता आणि माता दोघेही नसताना नाते सिद्ध कसे करावे? मेरी-क्लेअर किंग या शास्त्रज्ञ महिलेच्या साहाय्याने आजी व नातवंड यांच्या रक्तावरून नाते ठरविण्याची पद्धती सिद्ध झाली, आणि १९८७ साली त्यासाठी राष्ट्रीय रक्तनोंद-संग्रह स्थापन झाला. आजवर १३० हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे. आता प्रौढ झालेली कित्येक मुले आपल्या जन्माविषयी शंका येऊन स्वतःच तेथे जातात.

अशा घराची अवस्था विलक्षण असते. पत्नीने कुंकू लावावे की पुसावे? पित्याच्या नावापुढे कैलासवासी लिहावे की नाही? ख्रिस्ती घरात मृतांच्या दिवशी मेणबत्ती कोणत्या कबरेवर लावावी? मृत्यू मान्य करणे म्हणजे आपणच पित्यास दुसऱ्यांदा मारणे, असे मुलास वाटते. हे जाणूनच आर्जेंटिनाने १९९४ साली कायद्याने मृत व जीवंत यांखेरीज ‘सक्तीच्या बेपत्तेपणामुळे अनुपस्थित’ अशी वेगळी स्थिती मान्य केली. त्यामुळे वारसाहक्काचे व्यवहार करता येतात, आणि मुलास खोट्या मृत्युपत्रकावर सही करावी लागत नाही.

मंडळीने यातून काय घ्यावे? याकोबाला रक्ताने माखलेला झगा दाखविला गेला, आणि त्याने सांत्वन करून घेण्याचे नाकारले. त्या सांत्वनास जमलेल्यांत सत्य दडविणारे पुत्रही होते. तेव्हा सत्यावाचून केलेले सांत्वन अपराध्याच्या उपयोगी पडते, ही गोष्ट पाळकाने विसरू नये. आर्जेंटिनात या दोन्ही बाजूंस ख्रिस्ती माणसे होती. १९७७ च्या डिसेंबरात मातांना साथ देणाऱ्या अलीस दोमों व लेओनी द्यूके या फ्रेंच जोगिणी नाहीशा केल्या गेल्या. द्यूके यांचे अवशेष २००५ साली ओळखले गेले. उलट, पोलिसांचा धर्मगुरू क्रिस्तियान फॉन वेर्निख याला छळ व हत्यांतील सहभागाबद्दल २००७ साली जन्मठेप झाली.

अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात, रानात अनोळखी प्रेत सापडल्यास वडीलजनांनी सभोवारच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजावे, अशी आज्ञा आहे. मारेकरी अज्ञात असला तरी जबाबदारी कोणाजवळची हे ठरलेच पाहिजे, हा तिचा अर्थ. जेथे प्रेतही नाही तेथे हे मोजमाप अधिकच अगत्याचे होय. म्हणून मंडळीने अशा लेकरास ‘आता विसर’ असे सांगू नये. बेपत्ता मनुष्याचे नाव उपासनेत मोठ्याने घ्यावे, आपल्या बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदी जतन करून त्यास खुल्या कराव्यात, आणि तो अधिकाऱ्याच्या दारी जाईल तेव्हा कोणीतरी त्याच्या बरोबर जावे. क्षमेचा उपदेश त्यानंतरचा आहे. कारण कोणास व कशाची क्षमा करावयाची, हे कळल्यावाचून क्षमा करता येत नाही.