प्रशासकालाच मज्जाव

(सर्व्हरचा कारभार : लेखांक सहावा)

गेल्या लेखांकात विंडोज सर्व्हरवरील खाती आणि गट यांची रचना आपण पाहिली. आज त्याच रचनेतून उद्भवणाऱ्या आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला हतबुद्ध करून सोडणाऱ्या एका तक्रारीचा विचार करावयाचा आहे. कचेरीतील सर्व्हरवर आपले खाते ॲडमिनिस्ट्रेटर्स या गटात रीतसर दाखल आहे, पासवर्ड बिनचूक आहे, आणि तरीही आपल्या मेजावरील संगणकावरून त्या सर्व्हरचा सी-ड्राइव्ह उघडू गेले, की ‘ॲक्सेस इज डिनाइड’ एवढे उत्तर आणि ५ हा त्रुटिक्रमांक पदरी पडतो. तोच मनुष्य सर्व्हरसमोर जाऊन बसला, की मात्र संमतीच्या एका चौकटीवर होकार देताच सारे दप्तर त्याच्यापुढे खुले होते.

अशा प्रसंगी हातघाईवर आलेला मनुष्य बहुधा जो उपाय योजतो, तो म्हणजे हव्या त्या फोल्डरवर ‘एव्हरीवन’ या सर्वसमावेशक नावाला ‘फुल कंट्रोल’ बहाल करून टाकणे. आणि हा उपाय योजू नये असे मी निक्षून सांगतो, कारण त्याने अडचणीचे कारण तर कळत नाहीच, उलट ज्यांचा त्या कागदपत्रांशी काडीचा संबंध नाही अशांनाही ते वाचण्याची, बदलण्याची आणि नष्ट करण्याची मुभा मिळून जाते.

कारण समजून घ्यावयाचे तर एक गोष्ट मनाशी पक्की धरली पाहिजे : सर्व्हर माणसाकडे किंवा त्याच्या हुद्द्याकडे पाहत नाही, तो त्याच्या टोकनाकडे, म्हणजे लॉगऑनच्या क्षणी तयार होणाऱ्या परवान्याकडे पाहतो. त्या परवान्यावर खात्याची ओळख, तो ज्या ज्या गटांत आहे ते गट आणि त्याला असलेले विशेषाधिकार यांची नोंद असते, आणि पुढील प्रत्येक मागणी त्या नोंदीशी ताडून मंजूर अथवा नामंजूर केली जाते. एखाद्याला आज दुपारी नव्या गटात घातले, पण त्याचा परवाना सकाळचा असला, तर तो गट त्याच्या उपयोगी पडत नाही; लॉगऑफ करून पुन्हा आत यावे, आणि सर्व्हरशी जुळलेली जुनी जोडणी तोडून नव्याने जोडावी, एवढ्यानेच कित्येक तक्रारी निकालात निघतात.

आपल्या तक्रारीचे मूळ मात्र याहून खोल आहे. २००७ साली सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने ‘यूझर अकाउंट कंट्रोल’ ही व्यवस्था आणली, आणि तेव्हापासून प्रशासकाला एकाऐवजी दोन परवाने मिळू लागले : एक पूर्ण अधिकाराचा आणि दुसरा कातरलेला, ज्यात ॲडमिनिस्ट्रेटर्स गटाचे नाव असते खरे, पण ते केवळ मनाई करण्यापुरतेच ग्राह्य धरले जाते. समोर बसलेल्या माणसाला संमतीची चौकट दाखवून पूर्ण परवाना देता येतो. नेटवर्कवरून आलेल्याला अशी चौकट दाखविण्याची सोयच नसल्याने, सर्व्हरच्या स्वतःच्या यादीतील स्थानिक खात्याला कातरलेल्या परवान्यावरच बोळविले जाते. डोमेनच्या खात्याला हे बंधन लागू नाही, आणि सर्व्हरबरोबर जन्मास येणाऱ्या, ज्याच्या ओळखक्रमांकाच्या शेवटी ५०० हा आकडा असतो त्या मूळ ॲडमिनिस्ट्रेटर खात्यालाही ते सहसा लागू नसते. म्हणूनच हा अनुभव ज्या लहान कचेऱ्यांत डोमेन नाही तेथे विशेषेकरून येतो.

हे बंधन दूर करण्याची तजवीज रजिस्ट्रीत आहे : ‘लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी’ या नावाची नोंद करून तिचे मूल्य १ ठेवले, की स्थानिक प्रशासकाला नेटवर्कवरूनही पूर्ण परवाना मिळतो. परंतु हे बंधन अकारण घातलेले नाही. अनेक कचेऱ्यांत प्रत्येक संगणकावर एकच प्रशासक-खाते आणि एकच पासवर्ड ठेवण्याची वहिवाट असते, आणि अशा ठिकाणी एका संगणकात शिरलेला उपद्रवी प्रोग्राम त्याच खात्याच्या बळावर उरलेल्या सर्व संगणकांवर अंमल बसवू शकतो. त्याची वाट अडविणारी ही भिंत केवळ आपल्या सोयीसाठी पाडणे मला प्रशस्त वाटत नाही.

याहून निर्धोक मार्ग असा, की आपल्याला ज्या फोल्डरांचे काम पडते ते शेअर करून त्यांच्यासाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र, साधा गट निर्माण करावा, त्या गटाला हवे तेवढेच अधिकार द्यावेत आणि आपले खाते त्यात घालावे. कातरणीची क्रिया प्रशासकीय गटांवर चालते, असल्या साध्या गटाला ती स्पर्श करीत नाही, आणि म्हणून नेटवर्कवरूनही तो गट आपले काम चोख बजावतो.

याच साध्या गटाचा उपयोग आणखी एका ठिकाणी होतो, आणि ते ठिकाण फारच थोड्यांच्या ध्यानात येते. सर्व्हरसमोर बसून एखादे बंद फोल्डर उघडू लागलो, की ‘कंटिन्यू’ असे बटण असलेली एक सूचना येते, आणि ते दाबताच फोल्डर उघडते. पण ते उघडते म्हणजे एक्सप्लोरर आपल्याला पूर्ण परवाना देतो असे नव्हे, तर आपल्या खात्याचे नाव त्या फोल्डरच्या अधिकारयादीत कायमचे लिहून टाकतो. तो मनुष्य पुढे प्रशासक राहिला नाही, तरी त्या फोल्डरावरील त्याचा हक्क अबाधित राहतो, आणि त्याचे खातेच काढून टाकले तर यादीत नावाऐवजी एक लांबलचक क्रमांक अनाथासारखा पडून राहतो. वर्षानुवर्षांच्या अशा होकारांनी भरलेली अधिकारयादी वाचून कोणाला कोणता हक्क कोणत्या हुकमाने मिळाला याचा उलगडा करणे ही अत्यंत क्लेशदायक गोष्ट आहे. त्या बटणाला हात लावण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि त्याऐवजी वर सांगितलेल्या साध्या गटालाच त्या फोल्डरावर अधिकार द्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

शेअर केलेल्या फोल्डराला दोन पहारे असतात, एक शेअरचा आणि दुसरा एनटीएफएसचा, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला दोहोंनी मान्य केले असेल तेवढेच करता येते. विंडोज सर्व्हर २००३ पासून नव्या शेअरवर मुळातच सर्वांना फक्त वाचनाची परवानगी असते. तेव्हा फाइल उघडते पण जतन होत नाही, अशी तक्रार आली तर प्रथम शेअरचा पहारा तपासावा. मनाईच्या नोंदीही पाहाव्यात, कारण यूझर्स गटाला थेट केलेली मनाई त्या गटात असलेल्या प्रशासकालाही बाधते.

इतके करूनही दार उघडले नाही, तर मालकी ताब्यात घेण्याचा विशेषाधिकार प्रशासकापाशी असतोच, आणि ‘टेकओन’ या आज्ञेने तो बजावता येतो. त्याआधी शक्य असेल तर ‘आयकॅक्ल्स’ या आज्ञेच्या ‘सेव्ह’ या पर्यायाने चालू अधिकारयादीची नक्कल एका फाइलीत उतरवून घ्यावी, म्हणजे चूक झाल्यास ‘रिस्टोअर’ने पूर्वस्थिती आणता येते, त्या नकलेत मूळ मालकाचे नाव मात्र येत नाही, म्हणून ते वेगळे टिपून ठेवावे. कोणाची मागणी केव्हा नामंजूर झाली हे सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगवरून कसे वाचावे, ते पुढील आठवड्यात पाहू.