त्वचेवरील आम्लप्रयोग : घरी नको, वैद्यकीय देखरेखीखालीच

बिब्ब्याचे तेल कातडीस लागले की ते उतते, अंगावर फोड येतात आणि मागे काळा डाग राहतो, ही गोष्ट महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत कोणास निराळी सांगावी लागत नाही. म्हणूनच बिब्बा हाताळताना जुनी माणसे सावध असतात. परंतु दुकानातून किंवा घरपोच मागवून आणल्या जाणाऱ्या एका लहानशा बाटलीविषयी मात्र तेवढी सावधगिरी बाळगली जात नाही. 'केमिकल पील' या नावाने विकल्या जाणाऱ्या या बाटलीत आम्ल असते. मुरमांचे डाग जावेत, वांग फिका पडावा, चेहरा उजळावा, या अपेक्षेने अनेक तरुण-तरुणी, विशेषतः लग्न ठरू घातलेल्या मुली, ते आम्ल स्वतःच्या हाताने चेहऱ्यावर लावतात. त्याचे परिणाम कधी कधी अपेक्षेच्या नेमके उलट होतात. ते का होतात आणि तसे घडल्यास काय करावे, याची माहिती गावातील जाणत्या मंडळींना असणे अगत्याचे आहे.

पील म्हणजे काय?

त्वचेचा वरचा थर आम्लाच्या साहाय्याने नियंत्रित रीतीने सुटा करावयाचा आणि त्या जागी नवी त्वचा येऊ द्यावयाची, हे या उपचाराचे तत्त्व होय. हा उपचार नवा नाही. जर्मनीतील त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उन्ना यांनी १८८२ मध्ये सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल आणि फिनॉल यांचे त्वचेवरील परिणाम नोंदविले होते. उसात आढळणारे ग्लायकॉलिक आम्ल आणि आंबलेल्या दुधात तयार होणारे लॅक्टिक आम्ल यांचाही आज यासाठी उपयोग केला जातो. ही नावे ऊस आणि दुधाशी निगडित असल्यामुळे ती निरुपद्रवी वाटतात. तथापि, तीव्र स्वरूपातील कोणतेही आम्ल त्वचेस भाजू शकते.

काही पील केवळ बाह्यत्वचेपर्यंत पोहोचतात, काही आंतरत्वचेच्या वरच्या भागापर्यंत, तर फिनॉलसारखे त्याहूनही खोल जातात. फिनॉल रक्तात शोषले गेल्यास हृदयाची लय बिघडू शकते. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, खोल जाणारे पील भारतीय त्वचेस योग्य नाहीत असे स्पष्ट म्हटले आहे.

टक्केवारी पुरेशी नाही

बाटलीवरील टक्केवारी वाचून बहुतेक जण आम्लाची तीव्रता ठरवितात. ही समजूत अपुरी आहे. मातीपरीक्षणाच्या अहवालात जमिनीचा 'सामू' दिलेला असतो, हे शेतकरी बांधव जाणतात. आम्लाच्या बाबतीतही सामू महत्त्वाचा असतो. सामू एका अंकाने कमी झाला म्हणजे आम्लता दहापट वाढते. त्यामुळे सारख्याच टक्केवारीच्या दोन बाटल्यांपैकी एक सौम्य, तर दुसरी दाहक असू शकते. अमेरिकेतील सौंदर्यप्रसाधन-घटक तपासणाऱ्या तज्ज्ञमंडळाने १९९८ मध्ये ग्लायकॉलिक व लॅक्टिक आम्लांच्या सर्वसाधारण वापरासाठी १० टक्क्यांपर्यंतचे प्रमाण आणि किमान ३.५ सामू ही मर्यादा सुचविली, तीही उन्हापासून संरक्षण करण्याच्या अटीवर. घरी वापरण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांतील आम्ल याहून कितीतरी तीव्र असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही जुलै २०२४ मध्ये, असे तीव्र पील वैद्यकीय देखरेखीशिवाय विकत घेऊ वा वापरू नयेत, असा इशारा नागरिकांना दिला.

टक्केवारी व सामू यांच्याखेरीज आम्ल किती वेळ राहिले, किती थर दिले आणि त्वचा आधीच सोललेली आहे काय, यांवरही परिणाम अवलंबून असतो. नुकतेच वॅक्सिंग वा दाढी केलेली असल्यास, किंवा मुरमांसाठी रेटिनॉइड वर्गातील मलम चालू असल्यास, आम्ल अधिक खोल शिरते. ग्लायकॉलिक आम्ल ठरावीक वेळी धुऊन वा निष्प्रभ करून थांबविता येते. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचे तसे नाही. ते त्वचेतील प्रथिनांशी संयोग पावूनच संपते. म्हणून चूक लक्षात येईपर्यंत इजा होऊन गेलेली असते. डॉक्टर आधी रुग्णाचा पूर्वेतिहास विचारतात, लहानशा जागी चाचणी घेतात, डोळे, नाक व ओठ यांच्या कडांना संरक्षक मलम लावतात आणि त्वचेत होणारा बदल क्षणोक्षणी पाहतात. आरशासमोर एकट्याने केलेल्या प्रयोगात यांपैकी फारच थोडे शक्य असते.

उजळण्याऐवजी काळवंडणे

किंचित चुरचुरणे, लाली आणि दोन-चार दिवस बारीक पापुद्रे निघणे एवढे अपेक्षित असते. तीव्र वेदना, सूज, फोड, चट्टे, पाणी झिरपणे अथवा पू होणे ही मात्र इजेची लक्षणे होत. काहींना एखाद्या घटकाची ॲलर्जी असते, तर काहींच्या ओठांवरील जुनी नागीण पुन्हा उफाळून येते.

आपल्याकडील लोकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा धोका निराळाच आहे. सावळ्या व गव्हाळ त्वचेतील रंगपेशी उन्हापासून संरक्षण देतात. परंतु त्वचेचा दाह झाला की त्याच पेशी अधिक रंगद्रव्य तयार करू लागतात. परिणामी भाजलेल्या जागी गडद डाग पडतो आणि तो जाण्यास कित्येक महिने, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ लागतो. उन्हात वावरल्यास तो आणखी गडद होतो. जो डाग घालविण्यासाठी आम्ल लावले, त्याहून मोठा डाग पदरी पडतो. लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळून उन्हात जाण्याचा घरगुती उपायही याच कारणाने घातक आहे. त्या रसातील काही द्रव्ये सूर्यप्रकाशात त्वचेस भाजतात.

इजा झाल्यास

आम्लाने आग होऊ लागताच तो भाग वाहत्या, थंड पाण्याखाली किमान २० मिनिटे धुवावा. डोळ्यांत थेंब गेल्यास डोळे उघडे धरून भरपूर पाण्याने धुवावेत आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. खाण्याचा सोडा, हळद, तूप, टूथपेस्ट वा बर्फ लावू नये. फोड फोडू नयेत, पापुद्रे ओढू नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाताना बाटली व तिचे वेष्टन बरोबर न्यावे. आतील घटक कळल्यास उपचार करणे डॉक्टरांना सुलभ होते. स्टेरॉइडयुक्त मलम स्वतःच्या मनाने लावू नये.

गावपातळीवरील कर्तव्य

उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची अंतिम मुदत वेष्टनावर नसेल, तर तो माल घेऊ नये. संशयास्पद मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे करता येते. फसव्या जाहिरातीबाबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते, तर औषधामुळे झालेल्या दुष्परिणामाची माहिती १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर विनामूल्य देता येते. बचत गटांच्या बैठकीत व शाळांतील किशोरींच्या वर्गात आशा स्वयंसेविकांच्या मदतीने ही माहिती दिल्यास अनेक चेहरे वाचतील.

शिक्षकांवर आणखी एक जबाबदारी आहे. आम्ल, आम्लारी आणि सामू हे धडे मुले शाळेत शिकतातच. त्यांचा या बाटलीशी असलेला संबंध वर्गातच समजावून सांगता येईल. आणि सावळा वर्ण हा काही रोग नव्हे, हेही सांगावे लागेल. स्थळ पाहण्याच्या वेळी मुलीच्या रंगाची चर्चा करणारी घरेच अशा बाटल्यांना गिऱ्हाईक पुरवितात. ती चर्चा थांबविण्याचे काम कोणत्याही खात्याच्या निरीक्षकाला करता येणार नाही. ते गावातील वडीलधाऱ्यांनाच करावे लागेल.