विश्लेषण : खाद्ययादीत महाराष्ट्र ४१वा, मग मानोऱ्याची भाकर कितवी?

जगात सर्वांत चांगले जेवण कुठे मिळते, याची यादी दरवर्षी मोबाइलवर फिरते आणि वाद रंगतात. ‘टेस्टअॅटलास’ या खाद्यविषयक संकेतस्थळाच्या २०२४-२५ च्या यादीत जगातील १०० खाद्यप्रदेशांमध्ये इटलीतील कँपानिया पहिला, पंजाब सातवा आणि महाराष्ट्र ४१वा होता. या ४१व्या क्रमांकात वाशिम जिल्ह्यातील मानोऱ्याचे ताट मोजले गेले का? क्रमांक ठरतो कसा? आणि आपली आवड आपणच ठरवायची तर कोणत्या कसोटीवर?

ही क्रमवारी ठरते कशी?

संकेतस्थळावर लोक पदार्थांना गुण देतात. त्यातील ग्राह्य धरलेल्या गुणांवरून पदार्थाची सरासरी निघते आणि अव्वल पदार्थांच्या सरासरीवरून देशाचा किंवा प्रदेशाचा क्रमांक लागतो. म्हणजे परीक्षक गावोगावी जाऊन जेवत नाहीत. पदार्थ यादीत नोंदलेला हवा आणि तो खाल्लेले लोक इंटरनेटवर गुण देणारे हवेत. या दोन अटी पूर्ण झाल्या, तरच पदार्थ स्पर्धेत येतो.

याच संकेतस्थळाने २०२२ मध्ये भारताला पाचवा क्रमांक दिला होता. २०२४-२५ मध्ये भारत १२वा होता. दोन वर्षांत देशभरातल्या चुली बदलल्या नाहीत, बदलले ते गुण.

‘महाराष्ट्र’ म्हणून काय मोजले गेले?

महाराष्ट्रातील आवर्जून खावेत असे पदार्थ म्हणून मिसळपाव, आमरस, श्रीखंड आणि पावभाजी यांची नावे पुढे आली. चारही चवदारच. पण त्यात ज्वारीची भाकर नाही, वऱ्हाडी रस्सा नाही, खान्देशी भरीत नाही आणि मालवणी माशाची आमटीही नाही. हॉटेलात, शहरात आणि पाहुण्यांच्या तोंडी जे सहज पोहोचते, तेच वर आले.

मोजमापाचे एककही सारखे नाही. याच यादीत पंजाब हे एक एकक आहे, तर ‘दक्षिण भारत’ हेही एकच एकक आणि त्याचा क्रमांक ५९वा. हैदराबादची बिर्याणी आणि मसाला डोसा एकाच ताटात वाढल्यावर तुलना कशाची कशाशी झाली, हे सांगणे कठीण होते.

मानोऱ्याच्या ताटात काय असते?

मानोरा हा कोरडवाहू शेतीचा तालुका. कापूस, सोयाबीन, तूर ही इथली पिके आणि जेवण वऱ्हाडी वळणाचे. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, ठेचा, अंबाडीची भाजी, बेसनाच्या वड्या झणझणीत रश्शात सोडलेली पाटोडी, गोळाभात, उन्हाळ्यात आंब्याच्या रसासोबत सरगुंडे. कोथिंबिरीला इथे सांबार म्हणतात, त्यामुळे सांबारवडी हे नाव ऐकून बाहेरचा माणूस हमखास गोंधळतो.

रोडगे हा खास पंगतीचा पदार्थ. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे आणि वांग्याची भाजी व वरणासोबत खायचे. रोडग्याचा नवस संत एकनाथांच्या भारुडातही येतो. म्हणजे हा पदार्थ मराठी माणसाच्या ओळखीचा होऊन किमान चारशे वर्षे झाली आहेत. हॉटेलात तो क्वचित मिळतो, कारण त्याला गॅसची शेगडी चालत नाही. आर, मोकळी जागा आणि चार माणसे लागतात.

तांड्याची चूल वेगळी कशी?

याच तालुक्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे असल्याने बंजारा समाज या गावाला काशी मानतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. बंजारा समाज पूर्वी बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहून नेत असे. ‘लमाण’ हे नाव लवण म्हणजे मिठावरून आले, असे मानले जाते. रेल्वे आली आणि हा व्यापार बसला.

सतत मुक्काम हलवणाऱ्यांच्या स्वयंपाकात भांडी कमी आणि वाया घालवणे त्याहून कमी. गोरबोलीत भाकरीला ‘बाटी’ म्हणतात. राजस्थानी दालबाटीतील गोळा तो हा नव्हे. सणासुदीला गोड लापसी असते. आणि बोकड कापला की त्याचे रक्तही टाकून न देता त्यापासून ‘सळोई’ शिजवली जाते.

एकाच जिन्नसाला दोन न्याय का?

सळोईचे नाव काढले की अनेकांच्या कपाळावर आठ्या पडतात. स्कॉटलंडमधील स्टॉर्नोवे गावचे ‘ब्लॅक पुडिंग’ हेही रक्त, चरबी आणि ओट यांपासूनच बनते. त्याला २०१३ मध्ये युरोपातील संरक्षित भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते अभिमानाने विकले जाते. स्पेनमध्ये मोर्सिया, कोरियात सुंदे हे रक्त घालून केलेले पदार्थही खुलेपणाने खाल्ले जातात. जिन्नस तोच, फरक आहे तो खाणाऱ्या समाजाला मिळालेल्या प्रतिष्ठेचा.

हा प्रश्न मराठीत लेखक शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकातून मांडला. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करणारे हे पुस्तक २०१५ मध्ये आले. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला, तेव्हा कुठे त्याची देशभर चर्चा झाली. जे लिहिले जात नाही, ते यादीतही येत नाही.

मग कँपानिया पहिला कसा आला?

कँपानियाची राजधानी नेपल्स. पिझ्झा हे तिथल्या गरिबांचे रस्त्यावरचे खाणे होते. स्थलांतरितांनी ते अमेरिकेत नेले आणि तिथून ते जगभर गेले. तिथल्या म्हशीच्या दुधाच्या मोझरेला चीजला आणि सान मारझानो टोमॅटोला युरोपातील कायद्याचे संरक्षण आहे. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली. म्हणजे चवीच्या जोडीला स्थलांतर, नोंदणी आणि कायदा यांचे बळ मिळाले. विदर्भातही नागपूरची संत्री, भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मात्र ही मानांकने पिकांची आहेत, ताटातल्या पदार्थांची नाहीत.

तुलना करायचीच तर कशी?

एकाच अडचणीवर वेगवेगळ्या प्रदेशांनी काय उपाय काढला, ते पाहणे जास्त उपयोगाचे. ज्वारी आणि मका यांत ग्लुटेन नसते, त्यामुळे त्यांचे पीठ गव्हासारखे ताणले जात नाही.

• मेक्सिको : मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात आणि त्याच्या टॉर्टिया करतात. मेक्सिकोची पारंपरिक पाककला २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

• सुदान : ज्वारीचे पीठ आंबवून तव्यावर कागदासारखी पातळ ‘किस्रा’ पसरतात. ज्वारीचे मूळ ईशान्य आफ्रिकेतलेच.

• वऱ्हाड : पीठ गरम पाण्यात मळून लगेच हातावर किंवा परातीत थापतात. आंबवणे नाही, लाटणे नाही. सगळी भिस्त पाण्याच्या अंदाजावर आणि हाताच्या सवयीवर.

भाकर गार झाली की कडक होते, म्हणून तिच्यासोबत रस्सा, वरण, कढी हवी. वऱ्हाडी जेवणात पातळ, तिखट कालवण का, याचे एक उत्तर धान्याच्या स्वभावातच आहे.

यात पणाला काय लागले आहे?

विदर्भात खरीप ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. ज्वारीला पाखरांची राखण लागते, आणि बैल कमी झाले तशी कडब्याची गरजही घटली. स्वस्त धान्य दुकानातून मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. पण घरातल्या मुलीला किंवा मुलाला भाकर थापता येत नसेल, तर ज्वारी पिकूनही ताटात येणार नाही.

मग आवडते कोणते?

कमी पावसात येणारे धान्य, मोजके जिन्नस, गरिबालाही परवडणारे पोटभर जेवण आणि काहीही वाया न घालवण्याची सवय, या कसोट्या लावल्या तर आमची पसंती वऱ्हाडाच्या आणि तांड्याच्या ज्वारीच्या ताटाला. किस्राची आंबूस चव त्याच्याकडे नाही आणि कँपानियासारखी लेखी नोंदही नाही. चवीतील फरक राहू द्यावा. नोंदीतील फरक मात्र भरून काढता येतो.

त्यासाठी जागा जवळच आहे. रामनवमीला पोहरादेवीत भाविकांची मोठी गर्दी होते. तिथे त्यांना बाटी, कढी आणि लापसीचे ताट विकत मिळाले आणि आजीच्या पाककृती तिच्याच बोलीत लिहून किंवा मोबाइलवर चित्रित करून ठेवल्या, तर पुढच्या यादीत नाव येवो न येवो, घरात तरी त्या विसरल्या जाणार नाहीत.