मताचा हिशेब (भाग ६) : आडवी बाटली आणि विदर्भाचा प्रश्न

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. नागपूर दक्षिण-पश्चिममधून देवेंद्र फडणवीस निवडून आले. पण मुख्यमंत्री कोण होणार, हे कळायला नागपूरकरांना डिसेंबर उजाडावा लागला. शपथविधी झाला ५ डिसेंबरला. यात नियमाबाहेरचे काहीच नव्हते. आपण आमदार निवडतो, मुख्यमंत्री आमदारांच्या बहुमतातून येतो. राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात, राज्याच्या महाधिवक्त्यांची राज्यपाल.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गव्हर्नर आणि महाधिवक्ता, दोघांनाही मतदार थेट निवडतात. अनेक राज्यांत त्याच मतपत्रिकेवर प्रश्नही छापलेले असतात : हा कर हवा का, राज्यघटनेत ही दुरुस्ती करावी का? हो किंवा नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९७८ मध्ये ‘प्रस्ताव १३’ मंजूर करून मालमत्ता कराला असाच लगाम घातला.

थेट निवडीची सवय आपल्यालाही थोडी आहे. कामठी-उमरेडचा मतदार नगराध्यक्षासाठी वेगळे मत देतो. नागपूरचा महापौर मात्र नगरसेवक निवडतात. नगराध्यक्षाचा नियमही एका जागी टिकलेला नाही : २०१६ मध्ये थेट निवड, २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांमधून, २०२२ मध्ये परत थेट. सरकार बदलले की मतदाराचा हा हक्क बदलतो, हे बरे नव्हे.

आणि प्रश्नावरचे मत? तेही महाराष्ट्रात आहे, आणि ते बायकांनी मिळवलेले आहे.

गावातले परवान्याचे दारू दुकान बंद करायचे असेल तर २००८ च्या आदेशाने वाट घालून दिली आहे. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचे निवेदन द्यायचे. सह्यांची पडताळणी होते, मग तारीख ठरते आणि गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव नसते, पक्षही नसतो. दोन चित्रे असतात : एक उभी बाटली, एक आडवी. उभी म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. जिला अक्षर येत नाही तिलाही हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. चळवळीतल्या बायका ‘बाटली आडवी करायची’ एवढेच म्हणतात आणि सगळ्या गावाला कळते.

कसोटी लागते ती मोजणीत. झालेल्या मतांचे बहुमत इथे पुरत नाही. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा, यादीत ८०० महिला आहेत. मतदानाला ५०० आल्या, ३९० जणींनी आडवीवर शिक्का मारला, ११० जणींनी उभीवर. जिंकल्या कोण? दुकान चालूच राहते, कारण ४०१ हवी होती. लग्न होऊन सासरी गेलेली, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली, वारली तरी यादीत नाव राहिलेली बाई या हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूला धरली जाते. ही अट अन्यायाची आहे. आमदारकीला अशी अट लावली तर विधानसभेतली किती बाके भरतील?

तरीही हे मत बंधनकारक आहे. नागपूरच्या सर्वात जुन्या प्रश्नाला ते भाग्य कधी लाभले नाही.

वेगळ्या विदर्भाची शिफारस फाजल अली आयोगाने १९५५ मध्येच केली होती. ती मान्य झाली नाही, तेव्हा नागपूरकरांनी लोकसभा निवडणुकीलाच कौलाचे रूप दिले. १९६२ मध्ये लोकनायक बापूजी अणे आणि १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे नागपूरमधून निवडून गेले. दोघांचीही ओळख विदर्भाच्या मागणीशी बांधलेली. पुढे २० जानेवारी २०१४ ला ‘जनमंच’ या संघटनेने शहरात स्वतःच मतपेट्या ठेवून जनमत घेतले. नव्वद टक्क्यांहून अधिक मते वेगळ्या राज्याच्या बाजूने पडली. कायद्याच्या लेखी त्या पेट्यांना किंमत नव्हती. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे नवे राज्य संसद करते आणि संबंधित विधिमंडळाचे मत फक्त विचारले जाते. नागपूरच्या या जनमतानंतर दहाच दिवसांनी आंध्रच्या विधानसभेने तेलंगणाचे विधेयक फेटाळले, तरी २ जूनला तेलंगण झाले.

डिसेंबर २०१५ मध्ये विदर्भावर जनमत घ्यावे असे खुद्द राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी म्हटले. ते बापूजींचे नातू. पुढे मराठवाड्याबद्दलच्या विधानावर गदारोळ झाला आणि मार्च २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. हे पद लोकांनी निवडलेले असते, तर त्यांना असे जावे लागले असते का?

‘निवडणुकीतच लोकांचे मत कळते, वेगळा प्रश्न कशाला?’ असे म्हणणाऱ्यांनी गोवा आठवावा. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का, यावर १६ जानेवारी १९६७ ला संसदेच्या कायद्याने कौल घेतला गेला. विलीनीकरणासाठी फूल, वेगळेपणासाठी दोन पाने. मतदान नि:पक्ष व्हावे म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर आधीच पायउतार झाले होते. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. विलीनीकरण हरले. आणि मार्चमध्ये त्याच गोव्याने विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच पुन्हा सत्ता दिली, बांदोडकर परत मुख्यमंत्री झाले. माणूस हवा होता, त्याचा प्रश्न नको होता. एकाच मतात दोन्ही कोंबले असते तर गोव्याचे मन कुणालाच कळले नसते. विदर्भाचे मन असेच साठ-सत्तर वर्षे दुसऱ्या मतांच्या पोटात अडकून पडले आहे. कौल विरोधात गेला तरी चालेल, पण तो एकदा अधिकृतपणे घ्यायला हवा.

तोवर एक काम हाताशी आहे. तुमच्या गावात आडव्या बाटलीसाठी सह्या सुरू होणार असतील, तर सह्यांच्या आधी मतदार यादी वाचून घ्या. मयत आणि गाव सोडून गेलेल्या महिलांची नावे वगळण्यासाठी नमुना ७ चा अर्ज भरा. ४०१ चा आकडा तिथेच खाली येतो.

(पुढील भागात : ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर?)