जॉर्ज हॅरिसनची मींड

जॉर्ज हॅरिसनने मुंबईत जे संगीत ध्वनिमुद्रित केलं, त्यात जॉर्ज हॅरिसनची गिटार नाही. जानेवारी १९६८मध्ये तो फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि जगातल्या सर्वांत गाजलेल्या बँडचा, बीटल्सचा, लीड गिटारिस्ट होता. 'वंडरवॉल' नावाच्या ब्रिटिश चित्रपटाचं पार्श्वसंगीत त्याला करायचं होतं. वाजवायला बसले ते आपले लोक: सरोदवर आशिष खाँ, तबल्यावर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर एस. आर. केंकरे, हार्मोनिअमवर रिजराम देसाद, तारशहनाईवर विनायक व्होरा.

स्टुडिओ म्हणजे एचएमव्हीच्या ऑफिसच्या वरचा मजला. बाहेरचा आवाज अडवायची सोय जवळपास नव्हतीच. कान देऊन ऐकलं तर काही तुकड्यांत खालच्या टॅक्सी ऐकू येतात, असं पुढे हॅरिसननेच सांगितलं आहे. साडेपाचला ऑफिस सुटलं की जिन्यावर पावलांचा धडधडाट सुरू व्हायचा आणि रेकॉर्डिंग बंद ठेवावं लागायचं. लंडनमध्ये रात्र-रात्र स्टुडिओ अडवून बसण्याची सवय असलेला हा माणूस इथे मुंबईच्या कारकुनांच्या वेळापत्रकावर काम करत होता, आणि त्याबद्दल बोलताना त्याच्या स्वरात तक्रारीपेक्षा गंमतच जास्त होती.

याच मुक्कामात 'द इनर लाइट' या गाण्याचं सगळं वाद्यसंगीत झालं. शब्द चिनी ताओ परंपरेतून घेतलेले, गायन नंतर लंडनला. त्याच वर्षी मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला ते आलं. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनचं गाणं लागण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे लेनन आणि मॅकार्टनी यांच्या जोडीखाली इतकी वर्षं दबून राहिलेल्या या धाकट्याला सिंगलवर जागा मिळाली ती मुंबईच्या वादकांच्या जोरावर. नोव्हेंबरात 'वंडरवॉल म्युझिक' ही तबकडी बाहेर आली. कोणाही बीटलने स्वतंत्रपणे काढलेली ती पहिली तबकडी. २०१४च्या पुनर्प्रकाशनात 'द इनर लाइट'चा एक वेगळा टेक दिला आहे, त्यात हॅरिसन वादकांना सूचना देतानाही ऐकू येतो.

हॅरिसनच्या घरची परिस्थिती बेताची. जन्म लिव्हरपूलचा, २५ फेब्रुवारी १९४३. वडील बसवर नोकरीला. पहिली गिटार साडेतीन पौंडांची, जुनी. पंधरावं लागता लागता बसच्या वरच्या मजल्यावर लेननला 'रॉंची' ही धून वाजवून दाखवली आणि बँडमध्ये शिरकाव मिळवला. १९६०मध्ये हॅम्बुर्गच्या क्लबांत रोज तासन्‌तास वाजवत असताना जर्मन पोलिसांना त्याचं वय कळलं. सतरा. त्याला परत पाठवण्यात आलं.

लीड गिटारिस्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र येतं. केस मोकळे, डोळे मिटलेले, सात मिनिटांचा सोलो. हॅरिसन त्यातला नव्हे. त्याचे सोलो लहान, थोड्याच अवकाशात बसणारे आणि आधी नीट बांधलेले असत. बंदिश जशी पक्की करून आणतात तसे. 'अ हार्ड डेज नाइट'चा तो सुरुवातीचा झणत्कार, ज्यावर गणिताच्या अभ्यासकांनीही निबंध लिहिले, त्यात त्याची बारा तारांची रिकनबॅकर गिटार आहे. आणि 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' हे स्वतःचं गाणं मनासारखं जमेना, तेव्हा सप्टेंबर १९६८मध्ये त्याने लीड वाजवायला मित्राला, एरिक क्लॅप्टनला, स्टुडिओत नेलं. गाणं आपलं, बँड आपला, हुद्दा आपला आणि सोलो दुसऱ्याचा. असं करायला कमीपणा न वाटणारे लीड गिटारिस्ट मला तरी फार माहीत नाहीत.

सतार त्याच्या हाती आली ती योगायोगाने. १९६५मध्ये 'हेल्प!' चित्रपटाच्या सेटवर हॉटेलच्या एका दृश्यात काही भारतीय वादक होते. चित्रीकरण नसताना त्याने त्यांची सतार उचलून पाहिली. मग लंडनच्या एका दुकानातून एक साधीच सतार घेतली आणि त्याच वर्षी 'नॉर्वेजियन वुड'मध्ये वाजवली. वाजवली म्हणजे गिटारवरची धून सतारीवर काढली, एवढंच. रवि शंकरांनी ते ऐकल्यावर फारसं कौतुक केलं नाही, आणि बरोबरच होतं ते.

इथून आपल्या ओळखीची आडनावं येऊ लागतात. लंडनला आयना अंगडी नावाचे कर्नाटकातून गेलेले गृहस्थ 'एशियन म्युझिक सर्कल' चालवत. एप्रिल १९६६मध्ये त्यांनी अनिल भागवत या तबलजींना विचारलं, संध्याकाळी जॉर्जबरोबर वाजवायला मोकळे आहात का? कोण जॉर्ज, हे काही सांगितलं नाही. दाराशी रोल्स-रॉइस येऊन उभी राहिली तेव्हा भागवतांच्या डोक्यात प्रकाश पडला. हॅरिसनने तीनतालासारख्या सोळा मात्रा सुचवल्या आणि बाकी तुमचं तुम्ही खुलवा म्हणाला. ते गाणं 'लव्ह यू टू'. 'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर भागवतांचं नाव छापलं गेलं. बाहेरच्या वादकाचं नाव छापायची बीटल्सकडे रीत नव्हती, त्यामुळे या गोष्टीचा त्यांना पुढेही अभिमान वाटत राहिला. पुढच्या वर्षी 'विदिन यू विदाउट यू'साठी दिलरुबा वाजवणाऱ्यांत अण्णा जोशी होते. त्यांचं नाव मात्र वेष्टनावर आलं नाही. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी ही त्या गाण्याच्या वादकांची चार नावं लोकांपुढे यायला कित्येक दशकं गेली.

जून १९६६मध्ये अंगडींच्याच ओळखीने हॅरिसन रवि शंकरांना भेटला आणि सप्टेंबरात शिकायला मुंबईला आला. ताजमध्ये खोटं नाव, नवी मिशी. ओळख लपली नाही. रस्त्यावर गर्दी जमली, पत्रकार परिषद घ्यावी लागली, शेवटी गुरू-शिष्य काश्मीरला निघून गेले. रवि शंकरांचे शिष्य शंभू दास त्याच्याकडून रियाज करून घेत. मांडी घालून तासन्‌तास बसायचं, मिझराब बोटात रुतवायची, सारेगम घोटायचं. जगभरच्या मुली ज्याच्यासाठी किंचाळत होत्या त्याला पलटे घोटायला बसावं लागलं, आणि तो बसला.

यातून त्याला काय मिळालं? सतार तर त्याने सोडलीच. १९६८च्या सुमारास त्याला कळून चुकलं की या वाद्याला पंधरा वर्षं आधी हात लावायला हवा होता. आपण उत्तम सतारिया होणार नाही. तुझं मूळ कुठे आहे, असं गुरूनेच विचारल्यावर तो गिटारकडे परतला.

पण परतलेला हात बदललेला होता. सतारीच्या पडद्यावर तार बोटाने आडवी ओढली की सूर चढत जातो. चांगला वादक एकाच पडद्यावरून चार-पाच सुरांची मींड काढतो. गिटारच्या तारेला एवढी ओढ सहज सोसत नाही, दोन-तीन अर्धस्वरांत तिचा जीव संपतो. त्याला उपाय म्हणजे स्लाइड: बोटात काचेची किंवा धातूची नळी घालायची, तार पडद्यावर दाबायची नाही, नळी नुसती तारेवरून सरकवायची. सुरांमधली सगळी जागा मोकळी होते. अडचण अशी की आता सूर कुठे आहे हे पडदा सांगत नाही, कानच सांगतो. नळी केसभर पुढे-मागे झाली की बेसूर. डिसेंबर १९६९मध्ये डिलेनी अँड बॉनी या गायक-जोडीच्या दौऱ्यात त्याच्या हातात हा प्रकार आला, आणि पुढच्या वर्षी 'माय स्वीट लॉर्ड'च्या सुरुवातीलाच जगाने तो ऐकला. अमेरिकन ब्लूजमधली स्लाइड करकरीत असते, रडते, ओरडते. हॅरिसनची तशी नाही. ती सुरावर हळू पोचते, तिथे थांबते, आणि उतरताना मधले स्वर टाळत नाही. दिलरुबा ऐकलेल्या माणसाला ही चाल परकी वाटणार नाही. त्याआधीच्या 'हिअर कम्स द सन'च्या मधल्या भागात मात्रांची जी मोडतोड आहे, तिच्यातही तिहाईचा भास होतो. मुखड्यावर परत येताना तबलजी जसा तीनदा बजावतो, तसंच काहीसं.

पुण्यात हे सांगायला सोपं जावं. १९५३पासून सवाई गंधर्व महोत्सवात बसणारा श्रोता मींड कुठे तुटली हे शेवटच्या रांगेतूनही सांगतो. २०१०पासून याच शहरात एनएच-७ वीकेंडरही भरत आला, जिथे पोरं लीड गिटारच्या एकेका बेंडवर उड्या मारतात. 'अग्नी'सारखा रॉक बँड याच गावचा. तरी हे दोन श्रोते एकमेकांच्या मांडवात क्वचितच दिसतात. साठच्या दशकात अंतर इतकं नव्हतं. पुढे पुण्याचेच झालेले जितेंद्र अभिषेकी रवि शंकरांच्या १९६८च्या 'फेस्टिव्हल फ्रॉम इंडिया'मध्ये अमेरिकेत गायले होते.

१ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी हॅरिसनने दोन कार्यक्रम केले. रवि शंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं लावत होते, ते संपताच प्रेक्षकांनी जोरदार टाळ्या वाजवल्या. जुळवणं एवढं आवडलं, तर वाजवणं आणखी आवडेल, असं रवि शंकर हसत म्हणाले. सवाईत असं झालं असतं तर आठवडाभर कट्ट्याकट्ट्यावर चर्चा झाली असती.

शिष्याचं नातं शेवटपर्यंत टिकलं. १९९७मध्ये रवि शंकरांच्या वेदमंत्रांवरच्या 'चँट्स ऑफ इंडिया'ची निर्मिती त्यानेच केली. २९ नोव्हेंबर २००१ला तो गेला. पुढच्या वर्षी मुलाने आणि मित्रांनी पुरी केलेली 'ब्रेनवॉश्ड' ही तबकडी आली, तिच्यात शब्दांविना एक रचना आहे: 'मारवा ब्लूज'. मारव्याचं काटेकोर व्याकरण तिच्यात शोधू नये. कोमल रिषभाची ती अस्वस्थता, पंचमाचा मज्जाव, असं काही त्याने पाळलेलं नाही. त्याने नावातून संध्याकाळ घेतली आणि हातातून मींड. साडेतीन-पावणेचार मिनिटांत स्लाइड एकदाही घाई करत नाही. २००४मध्ये या तुकड्याला सर्वोत्कृष्ट पॉप वाद्यवादनाचं ग्रॅमी मिळालं. इतक्या वर्षांत लीड गिटारिस्ट म्हणून एवढं मोकळं, एवढं सलग त्याने क्वचितच वाजवलं होतं.