रिफंड तुमचा, पासवर्ड कुणाचा?

‘टॅक्स? तो आपल्याला कुठे लागतो!’ कट्ट्यावर हे वाक्य तुम्हीही टाकलं असेल. पण समजा, कॉलेज सांभाळून तुम्ही एका कंपनीसाठी फ्रीलान्स काम करताय. वर्षाचे ६० हजार झाले. कंपनीने १० टक्के टीडीएस कापला, म्हणजे सहा हजार गेले. तुमच्या एवढ्या कमाईवर कर लागतच नाही, पण ते पैसे परत हवेत तर रिटर्न भरावंच लागतं. आणि नेमकी शेवटची तारीख हुकली तर?

फेब्रुवारी २०२५मध्ये संसदेत आलेल्या नव्या प्राप्तिकर विधेयकाचं उत्तर होतं: रिफंड विसरा! बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रवर समितीने ही अट काढायला सांगितली. ऑगस्टमधल्या सुधारित विधेयकातून ती गेली. हाच कायदा १ एप्रिल २०२६पासून १९६१च्या कायद्याच्या जागी आला. उशीर झाला म्हणून हक्काचे पैसे बुडू नयेत, एवढी साधी गोष्ट. पण ती कुणीतरी मसुदा नीट वाचला म्हणून झाली.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र करदात्याला असा दिलासा मिळाला नाही. कलम २४७नुसार झडतीच्या वेळी अधिकारी तुमचा ईमेल, सोशल मीडिया, क्लाउड, ट्रेडिंग अकाउंटही उघडू शकतात. पासवर्ड दिला नाही, तर तो ओलांडूनही.

सरकारचं म्हणणंही ऐका. काळा पैसा आता कपाटात कमी आणि फोनमध्ये जास्त सापडतो. व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमधून बेहिशेबी पैसा उघड झाल्याचं अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी संसदेत सांगितलं होतं. शिवाय झडती कुणाचीही, कधीही घेता येत नाही. त्यासाठी ठोस माहिती आणि वरिष्ठांची परवानगी लागते.

मान्य. पण कपाटात फार तर दागिने आणि कागद असतात. फोनमध्ये मित्रांच्या गप्पा, आजाराचे रिपोर्ट, ब्रेकअपचे मेसेज, सगळंच असतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्येच सांगितलंय. मग कराशी संबंध नसलेल्या गोष्टींचं काय? त्यांना हात लावायचा नाही, हे कायद्यातच स्पष्ट लिहिलेलं असायला हवं.

तोवर एक करा. प्राप्तिकर पोर्टलवर लॉगिन करून तुमचा टीडीएस किती कापलाय ते बघा. हक्काची सुरुवात आपल्याच सहा हजारांपासून होऊ दे की!